एक जोडीदार ट्रान्सजेंडर असताना आईबाप व्हायचं तर: कशाआधी काय करायचं

हार्मोन सुरू होण्याआधी, वृषण किंवा बीजांडकोश काढण्याआधी आणि आधारकार्डावरचं लिंग बदलण्याआधी दोघांनी एक गोष्ट बोलून घ्यायला हवी: आपल्याला रक्ताचं मूल हवंय का, किंवा पाच-दहा वर्षांनी हवंसं वाटेल का? या तिन्ही गोष्टी उरकल्यावरही वाटा राहतात, पण त्या अरुंद आणि खर्चिक होतात. वैद्यकीय बाजू आता पुष्कळ सोपी झाली आहे. आपल्याकडे अडतं ते बहुतेक वेळा कागदावर. जानेवारी २०२२ पासून लागू असलेले सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान आणि सरोगसीचे दोन्ही कायदे 'पुरुष', 'स्त्री' आणि 'विवाहित जोडपं' एवढंच ओळखतात. हे अन्यायाचं आहे आणि बदलायलाच हवं. तोवर कुठली पायरी कुणाआधी चढायची, हे नीट ठरवलं तर बरीच डोकेदुखी टळते.

घरात काय आहे ते आधी बघा

मूल व्हायला तीन गोष्टी लागतात: शुक्राणू, स्त्रीबीज आणि गर्भाशय. तुमच्या दोघांत मिळून यांतलं काय आहे आणि काय बाहेरून आणावं लागेल, हे कागदावर लिहून काढा.

ट्रान्स स्त्री, म्हणजे जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेली स्त्री (ट्रान्स पुरुष याच्या उलट), आणि तिची सिस, म्हणजे जन्मापासून स्त्री म्हणूनच नोंद असलेली बायको, या जोडीकडे तिन्ही गोष्टी आहेत. ट्रान्स पुरुष आणि सिस नवरा यांच्याकडेही आहेत. ट्रान्स पुरुष आणि सिस बायको यांच्याकडे बीजं आणि गर्भाशय दोघांकडेही असू शकतं, फक्त शुक्राणू बाहेरून लागतात. सगळ्यात अवघड गणित ट्रान्स स्त्री आणि सिस नवऱ्याचं: शुक्राणू आहेत, पण बीज आणि गर्भाशय दोन्ही नाही. दोघंही ट्रान्स असतील तर बहुतेक वेळा तिन्ही गोष्टी घरातच असतात. केरळमधल्या कोझिकोडला फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ट्रान्स पुरुषानं बाळाला जन्म दिला, तेव्हा त्याची जोडीदार ट्रान्स स्त्री होती.

इथंच एक सावधगिरीची गोष्ट. ट्रान्स पुरुष घेतात ते टेस्टोस्टेरॉन काय किंवा ट्रान्स स्त्रिया घेतात ते इस्ट्रोजेन काय, ही हार्मोन गर्भनिरोधक नव्हेत. पाळी थांबलेल्या ट्रान्स पुरुषालाही दिवस जाऊ शकतात. मूल नको असेल त्या काळात निरोध किंवा तांबी वापरायची.

ट्रान्स स्त्री: शुक्राणू साठवणं

हे काम सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याचं आहे, आणि नेमकं हेच राहून जातं. हार्मोन सुरू करण्याच्या घाईत 'नंतर बघू' म्हटलं जातं. नंतर म्हणजे औषधं थांबवावी लागतात, दाढीचे केस परततात, ताठरता परत येते, आणि ते सहन करणं अनेकींना फार जड जातं. म्हणून पहिली गोळी घेण्याआधीच हे उरकावं.

आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) या रक्ततपासण्या होतात. नमुना देण्याआधी दोन ते पाच दिवस वीर्यपात होऊ द्यायचा नाही. त्याहून कमी दिवस ठेवले तर संख्या कमी भरते, आठवडाभराच्या पुढे गेलं तर हालचाल मंदावते. नमुना क्लिनिकमध्ये देणं उत्तम. तिथं जमत नसेल तर घरी, क्लिनिकनं दिलेल्या निर्जंतुक डबीत घेता येतो, पण तासाभराच्या आत पोचवायचा आणि डबी अंगालगत, कपड्याच्या आत धरून न्यायची. बर्फ नको, गाडीच्या डिकीत तर नकोच. खोबरेल तेल, थुंकी, जेल, साबण यांतलं काही वापरायचं नाही, यांनी शुक्राणूंना इजा होऊ शकते. नमुन्याचा पहिला भाग सांडला असेल तर लाजू नका, तंत्रज्ञाला सांगा. सर्वाधिक शुक्राणू त्या पहिल्या थेंबांतच असतात.

अहवालात काय बघायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे किमान मर्यादा अशी: वीर्य १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण हालचाल ४२ टक्के. हार्मोन सुरू केलेले नसतानाही ट्रान्स स्त्रियांचे आकडे अनेकदा याहून कमी येतात. घट्ट अंतर्वस्त्रं घालणं आणि वृषण वर सारून बांधणं यामुळे तिथलं तापमान वाढतं, हे त्याचं एक कारण. नमुना द्यायच्या तीन महिने आधीपासून बांधणं कमी केलं तर फरक पडू शकतो, कारण शुक्राणू तयार व्हायला जवळजवळ अडीच महिने लागतात.

नमुना छोट्या कुप्यांत वाटून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. गोठवून पुन्हा वितळवताना साधारण निम्मे शुक्राणू हालचाल गमावतात. म्हणून एकदा देऊन थांबू नका, दोन ते चार वेळा द्या. बायकोला आययूआय करायचं असेल, म्हणजे धुतलेले शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडायचे असतील, तर दर वेळी एक-दोन कुप्या संपतात आणि एका प्रयत्नात यश येईलच असं नाही. कुप्या मोजक्या असतील किंवा आकडे खराब असतील तर थेट इक्सीकडे जायचं: त्यात एका बीजात एकच शुक्राणू सुईनं सोडतात, त्यामुळे थोडक्यात भागतं.

हार्मोन आधीच चालू असतील तर? सायप्रोटेरोन किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या) आणि इस्ट्रोजेन डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबवून किमान तीन महिने थांबायचं, मग तपासणी. काहींना सहा महिने किंवा जास्त लागतात, काहींचे शुक्राणू परत येत नाहीत. तेव्हा वृषणातून सुईनं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं शुक्राणू शोधता येतात. वृषण काढण्याची शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर त्याच वेळी ऊतीत शुक्राणू शोधून ते गोठवता येतील का, हे सर्जन आणि आयव्हीएफ (शरीराबाहेर बीज फळवण्याची) प्रयोगशाळा दोघांना आधी विचारून ठेवा. शस्त्रक्रियेच्या सकाळी हा विषय काढून उपयोग होत नाही.

ट्रान्स पुरुष: बीजं साठवणं

टेस्टोस्टेरॉननं बीजं नष्ट होत नाहीत, पण बीजांडकोश झोपवल्यासारखे होतात. टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी बीजं काढली तर मधे काही थांबवावं लागत नाही. चालू असेल तर साधारण एक ते तीन महिने, पाळी परत येईपर्यंत, थांबवण्याची पद्धत आहे. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन असेल तर ते अंगातून उतरायला जास्त वेळ लागतो, जेल असेल तर लवकर उतरतं. टेस्टोस्टेरॉन न थांबवता बीजं काढल्याची उदाहरणं आता आहेत. तुमच्या डॉक्टरांना त्याचा अनुभव आहे का, ते विचारा.

पहिल्या भेटीत एएमएच ही बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी होते. मग दहा ते चौदा दिवस रोज पोटावर बीजं वाढवणारं इंजेक्शन, बहुतेक वेळा दिवसाला १५० ते ३०० युनिट. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीजं अवेळी फुटू नयेत म्हणून दुसरं इंजेक्शन जोडतात. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. पुटिका (बीजं वाढतात त्या पिशव्या) १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या की शेवटचं, ट्रिगरचं इंजेक्शन मिळतं आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन, योनीतून सुई घालून बीजं काढतात. ट्रिगरची वेळ म्हणजे घड्याळातली नेमकी वेळ. ती चुकली तर बीजं कच्ची निघतात किंवा आधीच सुटून जातात. गजर दोघांच्याही फोनवर लावा.

यात दोन गोष्टी ट्रान्स पुरुषांना विशेष सलतात. एक, दर दोन-तीन दिवसांनी आतून केली जाणारी सोनोग्राफी. ती पोटावरून करता येते, फक्त मूत्राशय भरलेलं हवं आणि चित्र थोडं कमी स्पष्ट येतं. आधी सांगितलं तर बहुतेक डॉक्टर ऐकतात. दोन, इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन वाढतं आणि छाती दुखू लागते. सोबत रोज ५ मिलिग्रॅम लेट्रोझोल दिलं तर इस्ट्रोजेन खाली राहतं. हे औषध डॉक्टरांनी स्वतःहून सुचवलं नाही तर तुम्ही विचारा.

किती बीजं पुरतील? पस्तिशीच्या आत पंधरा-वीस पक्व बीजं असावीत असं धरतात, कारण वाटेत गळती मोठी असते. पंधरा बीजं वितळवली तर बारा-तेरा टिकतात, त्यांतली नऊच्या आसपास फळतात आणि पाचव्या दिवसापर्यंत तीन-चार भ्रूण उरतात. पहिल्या खेपेत सात-आठच निघाली तर दुसरी खेप करावी की नाही, हे याच हिशेबावर ठरवा. औषधांसह एका खेपेचा खर्च शहरातल्या खासगी क्लिनिकमध्ये साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातो, वर साठवणुकीचं वार्षिक भाडं.

बीजं काढल्यावर आठवडाभर वजन रोज बघा. दिवसात किलोच्या वर वाढ, लघवी कमी होणं, पोट ताणणं, दम लागणं ही बीजांडकोश जास्त उत्तेजित झाल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. पीसीओएस (बीजांडकोशाचा हार्मोनशी निगडित विकार) असलेल्यांना हा धोका जास्त. त्यांच्यासाठी ट्रिगर म्हणून एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड वापरलं तर धोका पुष्कळ कमी होतो.

बीजं गोठवायची की भ्रूण? नातं आणि कायद्याच्या दृष्टीनं पक्कं स्थैर्य नसेल तर बीजंच. भ्रूणावर दोघांचा हक्क असतो आणि वेगळं झाल्यावर एकाच्या नकारानं सगळं थांबतं.

गर्भाशय काढायचं ठरलं तरी बीजांडकोश ठेवता येतात, आणि त्यातून पुढे बीजं काढता येतात. सर्जन एकाच वेळी 'सगळंच' काढण्याचा सल्ला देत असेल, तर हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचा.

दात्याचे शुक्राणू

ट्रान्स पुरुष आणि बायको यांच्यासाठी हाच मुख्य मार्ग. कागदोपत्री पुरुष-स्त्री म्हणून विवाह नोंदलेला असेल, तर क्लिनिकच्या लेखी हे नवऱ्याकडे शुक्राणू नसलेलं जोडपं, आणि असं जोडपं त्यांच्याकडे रोज येतं. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्याप्रमाणे बायको २१ ते ५० वर्षांची, नवरा २१ ते ५५ वर्षांचा हवा. विवाह नोंदलेला नसेल तर २१ वर्षांवरील स्त्री एकटी म्हणूनही उपचार घेऊ शकते. मग जोडीदाराचं नाव क्लिनिकच्या कागदावर येत नाही आणि मुलाशी त्याचं कायदेशीर नातंही आपोआप जुळत नाही. विवाह नोंदवण्याची वाट मोकळी आहे: सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं की पुरुष-स्त्री नात्यातल्या ट्रान्स व्यक्तींना सध्याच्या विवाह कायद्यांखाली लग्न करण्याचा हक्क आहे. उपचारांआधी विवाह नोंदणीचा दाखला हातात घ्या.

दात्याचा नमुना नोंदणीकृत बँकेतूनच आला पाहिजे. दाता २१ ते ५५ वयाचा, निनावी, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. कायद्यानं अशा दात्याचा मुलावर कसलाही हक्क राहत नाही आणि मूल जोडप्याचंच धरलं जातं. ओळखीच्या मित्राकडून नमुना घेऊन घरी पिचकारीनं प्रयत्न करण्याचा विचार बरेच जण करतात. त्यात हे संरक्षण नसतं. मित्र उद्या बाप म्हणून कोर्टात उभा राहू शकतो, आणि रोग पसरू नयेत म्हणून बँकेत जो नमुना अडवून ठेवून दात्याची पुन्हा तपासणी होते, तीही इथं होत नाही.

आययूआयमध्ये दर प्रयत्नात यश साधारण दहा-पंधरा टक्के. तीन ते सहा प्रयत्नांनंतर आयव्हीएफकडे वळणं शहाणपणाचं. नवऱ्याची साठवलेली बीजं वापरून बायकोच्या पोटी मूल वाढवता येतं, ही अनेकांची मनापासूनची इच्छा असते. वैद्यकीयदृष्ट्या यात काही अवघड नाही. कागदावर मात्र 'पुरुष' असलेल्याची स्त्रीबीजं हा प्रकार क्लिनिकच्या अर्जात बसत नाही. ट्रान्स पुरुषाची बीजं साठवण्याचा वाद केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेला आहे तो याच कारणानं. म्हणून ओळखपत्र बदलण्याआधी बीजं साठवा. साठवणुकीचा करार त्या वेळच्या नावानं होतो. नाव बदललं की राजपत्रातली जाहिरात आणि प्रतिज्ञापत्र जोडून करारावर नवं नाव चढवून घ्या, नाहीतर पुढे 'ही बीजं तुमचीच कशावरून' हा प्रश्न येतो.

ट्रान्स स्त्री आणि सिस बायको यांच्याबाबतीत हेच उलट. कागदावर नवरा-बायको असेपर्यंत आययूआय, आयव्हीएफ बिनबोभाट होतं. एकीनं आधार 'स्त्री' करून घेतलं की क्लिनिक जोडपं म्हणून घेताना कचरतं. भ्रूण तयार करून ठेवणं किंवा पहिलं मूल होणं यापैकी एक आधी करा, ओळखपत्र नंतर.

ट्रान्स पुरुष स्वतः गरोदर राहणार असेल तर

टेस्टोस्टेरॉन गरोदरपणाआधी बंद हवंच. त्यानं गर्भाला इजा होते, विशेषतः मुलीच्या गर्भाच्या जननेंद्रियांची वाढ बदलते. दिवस राहण्याआधी तीन महिने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. टेस्टोस्टेरॉननं योनीची त्वचा पातळ आणि कोरडी झालेली असते, तपासणी दुखते. त्यावर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीम चालतं.

सोनोग्राफी केंद्रात दर वेळी 'फॉर्म एफ' भरला जातो, गर्भलिंगनिदानबंदी कायद्यामुळे तो टाळता येत नाही. ओळखपत्रावर 'पुरुष' असेल तर समोरचा कर्मचारी गोंधळतो आणि परत पाठवतो. प्रसूतितज्ज्ञाकडून लेटरहेडवर दोन ओळींची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात घ्या, तिच्या चार प्रती फाइलमध्ये ठेवा, आणि केंद्राला आधी फोन करून गर्दी नसलेली वेळ मागा. बाळंतपणाच्या खोलीसाठीही असंच: स्त्री वॉर्ड की वेगळी खोली, कुणी कोणत्या नावानं हाक मारायची, हे सातव्या महिन्यात लिहून परिचारिकांच्या प्रमुखांकडे द्या.

छातीची शस्त्रक्रिया झालेली असली तरी बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उरलेल्या ग्रंथी दुखून सुजू शकतात. थंड शेक द्या, पिळू नका. दुसरीकडे, ट्रान्स स्त्री जोडीदार असेल आणि तिला पाजायचं असेल, तर हार्मोन, दिवसातून सात-आठ वेळा पंप आणि डोम्पेरिडोन यांनी थोडंफार दूध येऊ शकतं. डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं, तेव्हा आधी ईसीजी आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही. बाळाचं पोट त्यावर भरेल असं धरू नका, वरचं दूध तयार ठेवा.

सरोगसी

ट्रान्स स्त्री आणि सिस नवरा यांना सगळे पहिल्यांदा हाच मार्ग सुचवतात, आणि सध्या हाच सगळ्यात बेभरवशाचा आहे. कायद्याला विवाहित पुरुष आणि स्त्री हवेत, स्त्री २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५. गर्भाशय नसणं हे वैद्यकीय कारण नियमांत आहे, पण ट्रान्स स्त्रीला 'स्त्री' म्हणून दाखला देणारं मंडळ मानेल याची हमी नाही. अर्ज करायचाच तर ओळखपत्र, विवाहनोंदणी, गर्भाशय नसल्याचा दाखला सगळं 'स्त्री' याच नोंदीशी जुळणारं ठेवा आणि वकील पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. नकार आल्यास तो लेखी मागा, उच्च न्यायालयात जायला तोच लागतो. दात्री स्त्रीची बीजं २०२४ च्या बदलानंतर जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर चालतात, पण दोघांपैकी एकाचे शुक्राणू किंवा स्त्रीबीज हवंच. सरोगेट २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, आयुष्यात एकदाच, आणि तिला ३६ महिन्यांच्या विम्याव्यतिरिक्त, उपचारखर्च सोडून, पैसे देता येत नाहीत. पैसे घेऊन 'सगळं जमवून देतो' म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा. व्यावसायिक सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे.

दत्तक

'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी होते. जोडपं म्हणून अर्ज करायचा तर किमान दोन वर्षांचा स्थिर विवाह हवा. एकट्यानं करायचा तर स्त्रीला मुलगा-मुलगी दोन्ही, पुरुषाला फक्त मुलगा. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत, एकट्याचं वय ४० पर्यंत, आणि पालक-मुलात किमान २५ वर्षांचं अंतर. गृहभेटीला समाजसेविका येते तेव्हा ट्रान्स असणं लपवू नका. नंतर उघड झालं तर सगळा अहवाल संशयात येतो. तिच्या नोंदीत दोन शेजारी किंवा नातेवाईक संदर्भ लागतात. ज्यांना तुमचं सगळं माहीत आहे आणि जे ठामपणे बोलतील असेच निवडा.

३५ ते ६० वयाच्या अविवाहित व्यक्तींनाही २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक (फॉस्टर केअर) म्हणून मूल सांभाळता येतं, आणि दोन वर्षांनंतर त्याच मुलाला दत्तक घेण्यासाठी अर्ज करता येतो. वाट लांबची वाटली तरी विवाह नोंदवता न येणाऱ्यांसाठी ती खरी आहे.

नात्यातलं मूल हिंदू दत्तक कायद्याखाली (बौद्ध, जैन, शीखही यात येतात) नोंदणीकृत दत्तकपत्रानं घेता येतं. मूल १५ वर्षांच्या आतलं हवं. शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून मूल देणं-घेणं हे दत्तक नव्हे, तो गुन्हा ठरू शकतो आणि मूल काढून घेतलं जाऊ शकतं.

जन्मदाखला

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. अर्जात 'आई' आणि 'वडील' अशा दोन चौकटी. बाळंत झालेला ट्रान्स पुरुष 'आई'च्या चौकटीत जातो, आणि पुढे शाळा, पासपोर्ट, बँक सगळीकडे ते भोवतं. केरळ उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये याच मुद्द्यावर, आई-वडील असं न लिहिता दोघांची नावं 'पालक' म्हणून नोंदवून दाखला देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात तसा अर्ज करताना त्या निकालाची प्रत जोडा आणि नोंदणी अधिकाऱ्याकडून पोच घ्या. रुग्णालयातून निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावरची दोन्ही नावं अक्षरन् अक्षर आधारकार्डाशी जुळवून बघा, कारण महापालिका किंवा ग्रामपंचायत दाखल्यावर तीच नावं उतरवते.